कोणालाही सांगू नका

रात्रीचे सव्वाअकरा. जेलरोड.
खालून पाण्याचा टँकर गेला, काचा थरथरल्या,
आणि स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ:
परवानगी नाही. लॉगिन करा.

तिकडे मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं गार होतायत.
दर दहा मिनिटांनी तिथलं यंत्र तापमान कळवतं
आणि मी ते शिरसाठांच्या ग्रुपवर टाकते.
म्हणजे मी नाही, माझा प्रोग्रॅम.
माझ्या नावाने. म्हणजे माझ्याही नाही,
बाबांच्या. नंबर त्यांचा आहे,
प्रेसमध्ये असताना घेतलेल्या पहिल्या मोबाइलचा,
शेवटी सात-सात. सोडवत नाही म्हणतात.

सर्व्हर विचारतो, कोण?
मी नंबर देते.
सर्व्हर म्हणतो, नंबर कुणीही सांगेल, कोड पाठवलाय.
कोड गेला इंदिरानगरला, दादाच्या घरी,
बाबांच्या उशाशी.

फोन लावला.
"बाबा, पाच आकडे आले असतील. वाचा."
चष्मा चाचपल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.
"इथं लिहिलंय, कोणालाही सांगू नका."
"अहो मी आहे. वृंदा."
"ते ऐकू येतंय. पण लिहिलंय कोणालाही."

चौतीस वर्षं नोटप्रेस.
सकाळी फाटकावर बिल्ला, सुटताना फाटकावर झडती,
मोजणी जुळेपर्यंत घर नाही.
आईने एकदाच विचारलं होतं, आज किती छापल्या?
त्यांनी भात कालवत उत्तर दिलं:
वरण पातळ झालंय.

तोवर कोड शिळा झाला.
दुसरा मागवला, तोही.
तिसऱ्या वेळी सर्व्हरने दार ओढून घेतलं:
चूक क्रमांक चारशेवीस, थांबा सहाशे सेकंद.
मला वाटलं शिवीच दिली.
खरं तर फार घाई करणाऱ्याला तो हेच म्हणतो,
कुणाच्याही बाबतीत, न चिडता.

सहाशे सेकंदांत चहा होतो
आणि आपली चूक नीट आठवते.
गेल्या गुरुवारी कोड सगळ्यांसाठी ठेवला
तेव्हा त्याच्यासोबत सेशनची फाइलही गेली.
सिन्नरच्या एका पोराने कळवलं,
ताई, किल्ली उंबऱ्यावर राहिलीय.
फाइल अठ्ठावीस केबीची.
त्यात बाबांचा फोटो नाही, नाव नाही, आवाज नाही,
एक लांबलचक न वाचता येणारी ओळ.
ती ज्याच्या हातात
तो बाबा.
त्याला कुणी कोड विचारत नाही, त्याची झडती होत नाही.
मी घाबरून सगळी सेशन्स बंद केली,
माझं धरून.

बारा वाजायला आले. पुन्हा फोन.
या वेळी त्यांनीच विचारलं,
"सांग, माझ्या बिल्ल्याचा नंबर काय होता?"

दर रविवारी चिंचेने तो मीच घासायचे,
मोरीजवळ बसून, आकड्यांच्या खाचेतली काळी रेघ
काडीने काढत.
मी सांगितला.
पलीकडे खोकला. मग पाच आकडे आले,
एकेक, थांबून थांबून,
अंगठा ओला करून मोजल्यासारखे.
"जुळलं?"
"जुळलं, बाबा."
"मग झोप."

झोपले नाही.
फाइल कोडपासून लांब नेली,
दुसऱ्या कपाटात, मालकाखेरीज कुणाला वाचता येऊ नये
अशी ठेवली, वर कुलूप,
आणि कुलपाला पासवर्ड.

मोहाडी, खोली दोन: शून्य पूर्णांक सहा.
बारा वाजून चार मिनिटांनी गेला मेसेज.
एवढ्या रात्री शिरसाठ जागेच होते,
त्यांनी अंगठा टाकला. तो बाबांना मिळाला.

सकाळी सिन्नरच्या पोराने विचारलं,
ताई, पासवर्ड तरी भक्कम ठेवलाय ना, किती अक्षरी?
मी लिहिलं,
वरण पातळ झालंय.