गुरुवारसाठी आठ

मी शिकवत नाही.
मी बाटल्या धुते, तारा मोजून कापते,
आम्लं कुलपात ठेवते आणि किल्ली गळ्यात.
ग्रिम्सबीच्या या कॉलेजात एकोणीस वर्षं
तिन्ही प्रयोगशाळांच्या मागच्या अरुंद खोलीत
माझी किटली आहे,
आणि एक खिडकी, जिच्यातून गोदीचा मनोरा अर्धाच दिसतो.
मला अर्धा पुरतो.

दर गुरुवारी डुकराची हृदयं येतात.
क्लिफ खाटीक पिशवी देताना म्हणतो, आज ताजी आहेत हं, मॉरीन,
जणू मी ती कांद्यावर परतणार आहे.
मुलं हातमोजे चढवतात. कुणी खिदळतं, कुणी पांढरं पडतं.
हेटी स्टॉदर्ड यातलं काहीच करत नाही.
ती महाधमनी चिमटीत धरून वरून पाणी ओतते.
झडप मिटते. पाणी तिथंच थांबतं,
खाली एक थेंब नाही.
"एकही स्क्रू नाही," ती म्हणते,
कुणाला म्हणते ते कळत नाही.

शुक्रवारी हीच पोर
तांब्याच्या तारेला वजनं टांगते.
शंभर ग्रॅम. आणखी शंभर.
तार आधी लांबते, निमूट,
मग एकदम ऐकेनाशी होते,
आणि तुटते तेव्हा सगळे मागे उडी मारतात.
हेटी आकडा लिहून घेते.
नंतर माझ्याबरोबर वजनं डब्यात भरताना विचारते,
"तारेला कधी कळलं असेल,
की आता पहिल्यासारखं होता येणार नाही?"

तळ्यात की मळ्यात, सप्टेंबरपासून हेच चाललंय.
डॉक्टरकीचा अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो.
इंजिनिअरिंगवाले जानेवारीपर्यंत थांबतात,
त्यांना घाई नाही, पूल काही रात्रीत मरत नाहीत.
घरी सगळ्यांचं ठरलंय:
थंड लॉरीच्या दारात नीलचा हात चिरडला
तेव्हा चौदा वर्षांची ही पोरगी रक्ताला घाबरली नव्हती,
म्हणजे डॉक्टर.

पण मला, बिस्किट चहात बुडवताना, ती वेगळं सांगते.
"मी रक्ताकडे बघतच नव्हते.
सलाइनच्या पंपात एक चाक होतं,
नळी दाबत, दाबत पुढं सरकणारं,
इतकं शहाणं चाक मी कधी पाहिलं नव्हतं.
मग एक बाई आली. बाबाच्या एकेका बोटाला हात लावून
तिनं विचारलं, हे कळतंय? आणि हे?
बाबा रडला.
आणि मी चाक विसरले."
बिस्किट तुटून कपात पडलं.
आम्ही दोघीही त्याकडे बघत बसलो.

मला सोळाव्या वर्षी एकच अर्ज मिळाला होता,
मासे कापायच्या कारखान्याचा,
आणि त्यावर सही आईची.
त्यामुळे तिच्या घोळाचा मला कधीकधी रागच येतो,
दोन ताटं पुढ्यात, आणि जेवत नाही पोर.
एकदा तोंडातून गेलंच:
"हेटी, तुला निदान चुकायला तरी जागा आहे."
ती गप्प झाली.
तीन दिवस ती माझ्या खोलीत आली नाही.
किटली मी तरी दोघींपुरतीच भरत होते.

आज अर्ज बंद व्हायला नऊ दिवस.
ती दारात उभी, कोट ओला, बॅग एका खांद्यावर.
भरला का, मी विचारलं नाही.
ती म्हणाली नाही.
मागणीची वही माझ्यासमोर उघडी होती:
तारेचं रीळ एक, हातमोजे दोन खोकी, हृदयं
आणि पुढं कोरी जागा.
"सात ना?" मी विचारलं. "की तू आहेस?"

"गुरुवारी आहे," ती म्हणाली.
"त्यापुढचं माहीत नाही."

मी आठ लिहिलं.
पेन्सिलीनं.
मग ती ओट्याशी गेली, बाह्या सरसावल्या,
आणि कुणी न सांगता
कालच्या परीक्षानळ्या धुवायला लागली,
ब्रश उलटा धरून, नेहमीसारखा चुकीचा.