सतरावा प्रश्न

मिसा सुटली की मोठी माणसं बाजाराला,
आम्ही चौदाजण कपेलाच्या पडवीत.
या अंगाला कर्लीची खाडी, त्या अंगाला समुद्र,
मधे वाळूची बारीक जीभ.
तिलाच आम्ही देवबाग म्हणायचो.

दोतोर्न घ्यायचे इनास मेस्त.
आठवडाभर रापणीचा दोर ओढून
तळव्यांना घट्टे पडलेले,
आणि त्या घट्ट्यांवर उघडी ती पातळ पुस्तिका,
पिवळी पडलेली, सुकटीच्या वासाची.

"तुला कोणी निर्माण केलं?"
"देवाने मला निर्माण केलं."
"कशासाठी?"
"त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रेम करावं, आणि..."
या 'आणि'पाशी फ्रान्सू दरवेळी रुतायचा,
दरवेळी आम्ही त्याला ढकलायचो,
ओहोटीत अडकलेल्या होडीसारखा.

मेस्त म्हणायचे,
"पोरांनु, ह्या रापणीसारख्या आसा.
एक दोर माझ्याकडे, दुसरो तुमच्याकडे.
मी प्रश्न वडतंय, तुम्ही उत्तर वडा.
जाळा खय आसा ता आता दिसाचा नाय."

आम्ही ओढायचो.
चौदा गळे, एकच चाल,
शेवटच्या अक्षरावर माडावरचे कावळे उडायचे.

सतरावा प्रश्न पानाच्या अगदी तळाशी होता:
आत्मा म्हणजे काय?
उत्तर पलीकडच्या पानावर,
आणि पलीकडे पानच नव्हतं.
कधीतरी कुणीतरी, बहुधा मेस्तांच्या बायकोनेच,
त्यात मूठभर जवळा बांधून शेजारी दिला होता.
मग थेट एकोणीस.

पण मेस्त तो प्रश्न गाळत नसत.
विचारत, आणि थांबत.
चष्मा काढून सदऱ्याला पुसत.
समुद्र ऐकू येई, फिलूची उचकी,
कुणाच्या तरी परसात नारळ पडे.
चष्मा परत नाकावर गेला की
"एकोणीस."

ते थांबणंही आम्ही पाठ केलं होतं.
किती लांब, ते माहीत होतं.

दृढीकरणाला बिशपसाहेब आले.
मेस्तांनी भावाचे बूट घातले होते, एक नंबर मोठे.
रांगेवरून फिरत साहेबांचं बोट माझ्यावर आलं.
"सांग बाळ, आत्मा म्हणजे काय?"

मी उभी राहिले. हात जोडले.
आणि जे शिकले होते ते केलं.
थांबले.
माझ्यासोबत तेराजण थांबले.
मेणबत्तीचं मेण ओघळलं,
मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं,
साहेब मान किंचित वाकवून वाट बघत राहिले.
मग, वेळ बरोबर भरल्यावर,
मी म्हटलं, "आता एकोणीसावो, साहेब."

ते हसले की नाही, मला आठवत नाही.
मी मेस्तांच्या बुटांकडे बघत होते,
आतल्या आत पायाची बोटं आवळली जात होती.

महिन्याभरात सावंतवाडीहून नव्या पुस्तिकांचा गठ्ठा आला.
सतराचं उत्तर दीड ओळीचं निघालं.
एका दुपारात पाठ झालं.
मेस्तांनी ऐकून घेतलं, "बरा" म्हटलं,
आणि चष्मा पुसायला काढला,
तसाच परत लावला.

आता रविवारची दोतोर्न माझ्याकडे आहे.
पुस्तक रंगीत, मागे चित्रं काढायला जागा.
दहाला वर्ग सुटला नाही तर
जेरोमचे मामा पडवीखाली येऊन शीळ घालतात,
पर्यटकांना केळ्याच्या होडीत बसवायला पोरगा लागतो.
नव्या पुस्तकात तो प्रश्न बेचाळीसावा.
मी विचारला.
जेरोमने एका दमात सगळं म्हटलं,
स्वल्पविरामासकट.

"मिस?" मग तो म्हणाला, "चुकला काय?"
"नाय रे. बरोबर आसा."
"मग?"

खाली शीळ वाजली. पुन्हा वाजली.
किनाऱ्यावर हल्ली रापण क्वचित लागते,
त्या दिवशी लागली होती,
दोन्ही दोर ताणलेले, मधलं काही दिसत नव्हतं.

माझा चष्मा हातात होता.
तो नाकावर ठेवला.
"त्रेचाळीस," मी म्हटलं.