चार पूर्णांक सहा

मे महिन्यात या शहराला
शेहेचाळीस हा आकडा तोंडपाठ असतो.
ऑटोवाला सांगतो, दूधवाला सांगतो,
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता शेजारी सांगतो.
मी त्याच्या मधोमध एक टिंब देते
आणि ओट्याशी उभी राहते.
४.६
त्याच्या खाली आंबट.
त्याच्या वर, देव जाणे काय.

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून
रजनी गजभिये ढेमसं घेऊन आली,
पाच किलो, कोवळी, अंगावर लव असलेली,
आणि पिशवीभर भेदरं.
लेकीनं फोनवर शिकवलं होतं: सालसा.
म्हणजे आपली चटणीच, फोडणी नसलेली,
काचेच्या बरणीत वर्षभर राहते.
आपण ढेमसं घालू, रजनी म्हणाली,
पोरीला नॉर्वेत कोण देणार ढेमसं?

मी बत्तीस वर्षं पाणी तपासलं.
नितळ पाण्यानं इतक्यांदा फसवलंय मला
की अजून पाहुण्यांकडचा पेला
मी आधी उजेडात धरते.
निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला,
साहेबांना विचारून मी पट्ट्यांची एक डबी मागून घेतली.
त्यातली पट्टी ढेमशाच्या रसात बुडवली.
साधारण सहा, ती म्हणाली.
साधारणवर मी बरणी बंद करत नाही.

ढेमसं गरीब स्वभावाचं.
ज्यात पडेल त्याचंच होतं,
कुणाशी आंबट होत नाही.
नेमका असाच शेजार लागतो त्याला,
मातीतून आलेल्या त्या बारीक जिवाला.

'काहून वं, एवढं खदखदलं तरी मरत नाही?'
जीव मरतो, रजनी. त्याचं बी मरत नाही.
शंभर अंश म्हणजे त्याला
आपल्याला मे असतो तसं. सोसून जातं.
मग झाकण गच्च,
हवा नाही, आंबट नाही,
आणि अंधाऱ्या फळीवर ते सावकाश डोळे उघडतं.
वास येईलच असं नाही.
झाकण फुगेलच असं नाही.
चव बघायला लावलेलं एक बोट पुरतं.

'मग कुकर? पाच शिट्ट्या?'
आपण शिट्ट्या मोजतो गं.
तिथं अंश मोजावे लागतात.

ती काही बोलली नाही.
चिरलेल्या ढेमशांवर ताट पालथं घातलं
जरा आवाज करूनच.

शेवटी नुसती भेदरं शिजवली.
कांदा-मिरची कागदावर होती तेवढीच,
वर एक चिमूटही नाही.
लिंबाचा रस बाटलीतला, मापानं,
कारण अंगणातलं लिंबू
आज एक असतं, उद्या दुसरं.
मापाचा चमचा मी तिच्या हातात दिला.
तिनं तो कपाळाजवळ नेऊन रेघ वाचली,
चष्मा घरी विसरली होती.

गरम बरण्या उकळत्या पाण्यात, झाकणावर दोन बोटं पाणी.
घड्याळाकडे आम्ही दोघी बघत होतो
आणि वीज गेली नाही, ही त्या दिवसाची कमाई.

संध्याकाळी चण्याची डाळ घालून ढेमसं केली, भाकरीशी.
रजनीनं चिठ्ठ्या चिकटवल्या: नाव, तारीख,
आणि खाली बारीक अक्षरात
यात ढेमसं नाही.
लेकीला फोनवर म्हणाली,
'बरणी उघडशील तेव्हा ताजं घाल.
नाही भेटलं त इकडे ये.'

रात्री टेबलावर सात बरण्या गार होत होत्या.
टिक्.
झाकण आत ओढलं गेलं की असं वाजतं.
मी अंथरुणात मोजत होते.
टिक्. बऱ्याच वेळानं, टिक्.
सहा झाले.
सातवीसाठी पहाटेपर्यंत कान देऊन पडले.

सकाळी तिच्या झाकणाचा मध्य दाबला,
तो खाली गेला, वर आला.
तिला फळी नाही. तिला फ्रिज,
आणि चार दिवसांत संपवायचं.
रजनीला न विचारता
कालच्या भाजीतलं दोन चमचे ढेमसं
मी तिच्यात टाकलं.