बिनभाराचा तोटा

तेस्फालेम, तो आकडा चुकीचा नव्हता.
मी तीनदा तारा काढून लावल्या,
मीटर बदललं,
हॅल्वारला फोन केला. रविवार, तो तळ्यावर
बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता.
म्हणाला, "अठरा टक्के जास्त? मीटर बदल."
बदललंय, म्हटलं.
मग तो गप्प झाला
आणि फोनमधून मला बर्फ करकरल्याचा आवाज आला.

लुडविकात जानेवारीत तीनलाच दिवे लावावे लागतात.
हॉलमध्ये एकटा गाभा उभा, नव्वद टन,
पोस्टकार्डाहून पातळ पत्र्यांची चळत.
अजून कुणाचं घर उजळायचं नाही,
कुठली भट्टी पेटवायची नाही,
नुसतं जागं राहायचं.
त्या जागं राहण्यालाही वीज लागते.
कागदावर तिचं नाव बिनभाराचा तोटा,
आणि चाळीस वर्षं, रात्रंदिवस,
कुणीतरी तिचं बिल भरणार असतं.

पोलादाच्या आत चुंबकाचे बारीक पट्टे असतात.
सेकंदाला पन्नास वेळा ते कूस पालटतात,
इकडून तिकडे, पुन्हा इकडे.
मोकळ्या अंथरुणात कूस पालटायला काय लागतं?
पण पांघरूण दोन्ही बाजूंनी घट्ट खोचलं असेल
तर तेवढ्यानंही धाप लागते.
आम्ही मोजतो ती धाप.
वॉटमध्ये.

मी पाना घेऊन शिडी चढले.
वरच्या आडव्या भागाला इथे ओक म्हणतात,
जुन्या लोकांच्या तोंडी तो शब्द बैलांच्या मानेवरच्या जुवाचा.
अठ्ठावीस बोल्ट.
एकूण एक दीडपट आवळलेला.
उजव्या कोपऱ्यात पाचर ठोकलेली, बर्चची,
आणि तिच्यापाशी पत्रा
रडू आवरणाऱ्या ओठासारखा मुडपलेला.

शुक्रवारी मीच तुला बोलले होते.
सगळ्यांसमोर. कॉफीच्या टेबलापाशी.
"ढिला गाभा रात्रभर गुणगुणतो, पोरा,
लोक झोपेतून उठून तक्रारी लिहितात."
तू काही म्हणाला नाहीस. हातमोजे घातलेस.
हजेरीच्या यंत्रात दिसतंय,
तू बाहेर पडलास आठला दहा कमी असताना.
सगळे तीनला गेले होते.

पाऊण फेरा मागे. पुढचा बोल्ट. पाऊण फेरा.
अठ्ठाविसाव्यापर्यंत माझं मनगट सुजलं.
पाचर काढली, खिशात टाकली.
आकडा उतरला, जवळजवळ खाली,
पण अगदी खाली नाही.
तो मुडपलेला पत्रा विसरत नाही.
आठशे अंशांच्या भट्टीत घातला तर विसरेल,
पण रचलेला गाभा भट्टीत कोण घालतो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही, मीही नाही.
ताण सगळाच वाईट नसतो.
पत्र्यावर ती राखाडी साय असते ना, काचेसारखी,
निवताना पोलाद आक्रसतं,
साय तितकी आक्रसत नाही,
ती पत्र्याला दोन्ही टोकांकडे हलकेच ओढून धरते,
आणि त्या ओढीत पट्ट्यांना कूस पालटणं सोपं जातं.
दाबलं की तोटा वाढतो. ओढलं की घटतो,
तेही बेतानं.
मला हे एकतीस वर्षं ठाऊक आहे
आणि शुक्रवारी मी काय केलं बघ.

अहवालात कारणाचा रकाना लहान आहे.
मी लिहिलं: बोल्ट जास्त आवळले, सूचना गुन्व्होरची.
हॅल्वार विचारेल. विचारू दे.

उद्या लवकर ये.
किती आवळायचं ते पान्यावर तुझ्या हातावर हात ठेवून दाखवते,
तोंडानं सांगत नाही.
पाचर तुझ्या कप्प्यात ठेवली आहे, चांगलं लाकूड आहे,
दार अडवायला होईल.

आणि हो, गाभा आता थोडा गुणगुणतो.
मी दिवे मालवून जरा वेळ ऐकत बसले.
झोप लागेल इतपत आहे.