वजनकाट्यातली बॅटरी

नाझिब्रोलाबाईंनी दार उघडलं तेच म्हणत:
"बँक मेली."
ओनीत बँक मरत नाही, मी म्हटलं,
फार तर शाखा बंद होते.

टेबलावर जुना डबा, आत पंख्याची घरघर,
पडद्यावर लाल त्रिकोण आणि वाक्य:
तुमचं कनेक्शन खाजगी नाही.
"खाजगी कसं असेल," बाई म्हणाल्या,
"भिंतीपलीकडे शोरेना राहते."

बारीहून मुलीनं पैसे पाठवलेत.
मझिया तिकडे एका परक्या म्हातारीला
भरवते, न्हाऊ घालते, झोपवते,
आणि इकडे तिच्या आईला
एक पान उघडत नाही.

आधी नेहमीचंच केलं.
पान पुन्हा लोड. ब्राउझर बंद, चालू.
राउटरची वायर काढून, दहापर्यंत मोजून, परत.
माझ्या फोनवर तीच बँक
सुतासारखी सरळ उघडली.
म्हणजे बँक जिवंत.
म्हणजे अंगण सरळच आहे, वाकडं दुसरंच काही.

खाली बारीक अक्षरांत एक चोरवाट असते:
प्रगत. मग: तरीही पुढे जा.
बाईंचं बोट तिथंच घुटमळत होतं.
"दाब की गं नेस्तान. मुलगी माझी, पैसे माझे, भ्यायचं कुणाला?"
मी त्यांचा हात हळूच बाजूला केला.
मुलगी तुमचीच हो,
दार कुणाचं, ते अजून कळायचंय.

प्रमाणपत्र उघडून दाखवलं.
याला एकानं ओळखलंय, त्याला दुसऱ्यानं,
दुसऱ्याला तिसऱ्यानं.
"आणि तिसऱ्याला?"
तिसरा स्वतःच स्वतःला जामीन.
बाईंनी मान डोलावली. त्यांना हे नवं नव्हतं.
रिओनीच्या वरच्या अंगाला लग्नं अशीच जुळायची,
हा कुणाचा, तो कुणाचा, विचारत विचारत
शेवटी एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर यायचं,
ज्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग ती ओळ दिसली.
वैध: यंदाच्या मार्चपासून.
पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी तारीख:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

काल रात्री वीज गेली होती?
गेली होती, दोनदा.
आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली.
वीज गेली की या डब्याला
आपला जन्मदिवस तेवढा आठवतो.
त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र
अजून पोटातसुद्धा नाही.

"दोन हजार नऊ," बाईंनी बोटांवर मोजलं.
"मझिया नववीत. न विचारता केस कापून आली,
दोन दिवस बोलले नाही तिच्याशी."
मग पडद्याकडे बघत, जरा नरमाईनं:
"बरोबर आहे की त्याचं.
तेव्हा कुठलं बारी, न् कुठले पैसे."

दुकान थेट सोमवारी उघडणार.
बाई उठल्या, स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला,
पोटाखालचं झाकण नखानं उचकटलं,
आणि ते चकचकीत नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.
"राजमा मुठीनं मोजेन."

स्क्रू चार. त्यातला एक गंजलेला,
त्यानं माझं अर्धा तास डोकं खाल्लं.
धूळ काढली, नाणं बसवलं, तारीख घातली,
पंधरा-सोळा वर्षं एका दमात ओलांडून
डबा आजच्यात आला, तेवढाच घरघरत.

कुलूप लागलं. पान उघडलं.
पासवर्ड विचारला.
"तोंड फिरव," बाईंनी बजावलं, "हे कुणाला सांगायचं नसतं,
मझियानं ताकीद दिलीय."

मी खिडकीकडे वळले.
समोर डोंगर, उतारावर कुणाची तरी गाय.
मागे एकेक कळ दाबली जात होती,
आणि प्रत्येक कळीबरोबर
बाई ते अक्षर
मोठ्यानं उच्चारत होत्या.