सतरा नंबरचा मरून

वनजानं पुण्याहून दोन बाटल्या आणल्या,
जुन्या चादरीत गुंडाळून, बॅगेच्या तळाशी.
नायना काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला, लेबल वाचलं.
नाशिक.
"आपल्या नान्नजच्या द्राक्षांनी काय घोडं मारलं होतं?"
एवढंच.

उद्या कोजागरी. गच्चीवर बावीस माणसं.
बंद पडलेल्या डाइंगमधले उरलेले आठ जण,
त्यांच्या बायका, खालच्या बिराजदार वहिनी
(त्या पिणार नाहीत, पण बघायला नक्की येणार).
दूध आहेच, केशर घालून, नेहमीचं.
पण वनजाला यंदा काहीतरी लाल हवं होतं.

मी परात घेऊन बसले.
सांगोल्याचं डाळिंब पाण्यात फोडलं,
दाणे बुडाले, पापुद्रे वर आले.
मोसंबीच्या चकत्या, सालीसकट.
एकच सफरचंद, महाग, म्हणून बारीक चिरलेलं.
दोन पेरू, बिया काढून.
सीताफळ पुढं ओढलं तर नायनांनी मनगट धरलं:
"ते नको. रंग गढूळ करतं."

मग तेच उठले. पातेलं त्यांनी निवडलं, स्टीलचं.
"ॲल्युमिनियम नको, आंबटाला चावतं."
गुळाचं पाणी उकळवलं, दालचिनीचं एक बोट,
चार लवंगा, आणि पंख्याखाली ठेवलं
पार थंड होईपर्यंत.
"गरम ओतलंस तर वास पळतो."
मग बाटल्या. बूच निघेना,
वनजानं गुडघ्यात धरून काढलं.
लाकडी डाव, एकाच दिशेनं, हळू.
अशोक चौकाच्या घरात रात्री साडेदहाला
डाइंग पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं मला.

चाळीस वर्षं हौदावर उभा राहिलेला माणूस.
थेंबभर कधी घेतली नाही.
पगाराच्या दिवशी मात्र
गुत्त्यासमोरच्या सायकली ओळखायचा,
एकेक करून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन लावायचा,
मालक मागून चालत येवोत, न येवोत.

"रात्रभर राहू दे. सूत असो की पेरू,
आतपर्यंत जायला वेळ लागतो."
झाकणाआधी पांढऱ्या टॉवेलचा कोपरा बुडवला,
पिळला, दिव्यापाशी नेला.
"कच्चा."

दुसऱ्या दिवशी गच्चीची फरशी
आठ वाजले तरी पायाला भाजत होती.
बर्फाची लादी गोणपाटात,
ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि स्टीलचे पेले, कारण काचेचे सहाच.
अंबादास येमुलांना काचेचा मिळाला.
त्यांनी तो प्यायलाच नाही.
चंद्रासमोर धरून म्हणाले,
"सतरा नंबर. सतराचा मरून."
"हट, हा एकवीस," म्हणाले चिलवेरी.
"एकवीस वाळल्यावर काळा पडायचा!"
"चंद्रात रंग बघतोस काय बे, सकाळच्या उन्हात बघ."
सहाच्या सहा पेले वर गेले.
बायका हसत होत्या, भाकरी मोडत होत्या.
बर्फ विरघळून सतराचा चौदा झाला,
तरी भांडण मिटेना.
दूध घेऊन कोपऱ्यात बसलेल्या इब्राहिमचाचांनी
शेवटी न बघताच सांगितलं:
"सतराच. मीच तर तोलायचो पावडर."

मी पाहिलं, नायना पातेल्याशी वाकलेत.
डावानं तळ ढवळून पेरूची एक फोड काढली,
इकडंतिकडं बघून तोंडात टाकली,
आणि खूप वेळ चावली.
"फळ आहे ते," मला म्हणाले,
मी काही विचारलं नव्हतं.

टॉवेल मी दोनदा धुतला.
कोपऱ्यात अजून काहीतरी आहे,
गुलाबी म्हणावं इतकंही नाही.

पण ते नंतर. त्या रात्री, बारा वाजून गेल्यावर,
जिना उतरणाऱ्या येमुलांचा तोल जरासा गेला
आणि नायना चपला शोधत उठले.
"अंबादासची सायकल कुठं लावलीय?"
"ते रिक्षानं आलेत, नायना."
"हां," म्हणाले.
आणि तरी दारापर्यंत गेले,
रस्त्यावर दोन्हीकडं बघत राहिले.