डावा कान

तीस वर्षं माझ्याकडे एक नळी आहे.
अक्रोडाच्या लाकडाची, हाताळून काळी पडलेली.
थोरले फेल्डशर अस्करबेक निवृत्त झाले त्या दिवशी
त्यांनी ती रुमालात गुंडाळून दिली, बोलले काही नाहीत.
रुंद तोंड आईच्या पोटावर, चपटं माझ्या कानाशी,
मध्ये वीतभर अंधार,
आणि त्या अंधारातून कुणीतरी चालत यायचं,
छोट्या पावलांनी, भराभर.

जूनमध्ये आम्ही वर जायलूवर येतो,
मेंढ्या, घोडे, दुधाची पिंपं, आणि पोटुशा सुनाही.
त्यांना खाली ठेवलं तर घोड्या कोण पिळणार?

यंदा नारिनहून एक डबा आला.
आत साबणाच्या वडीएवढं यंत्र, वायर फोनला जोडायची.
शिकवणारी मुलगी माझ्याशी फार हळू, फार गोड बोलत होती.
तिला वाटलं, म्हातारी नाक मुरडणार.
मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले.
का, ते कुणी विचारलं नाही.

आता सांगते.

माझा डावा कान तीन हिवाळ्यांपूर्वीच गेला.
उजवा त्याच्या मागोमाग निघालाय.
नळी लावून मी डोळे मिटायचे,
बायकांना वाटायचं, केवढं लक्ष देऊन ऐकते!
मग घड्याळाकडे बघून म्हणायचे, एकशे चाळीस.
नेहमी एकशे चाळीस.
वही काढून बघा,
तीन वर्षांतली सगळी बाळं एकाच चालीने चालली आहेत.
एकही दगावलं नाही.
हे मिरवायला सांगत नाही.
ते नशीब होतं,
आणि वहीवर सही माझी होती.

काल बुरुलचा आडवी झाली माझ्यासमोर.
आठवा महिना. पोटावर गार जेल, ती हसली,
म्हणाली, आजी, गोगलगाय फिरतेय.
पडद्यावर आधी नुसतं धुकं.
मग धुक्यात एक दिवा लुकलुकला.
वडी जरा सरकवली,
तर आणखी एक.

मी यंत्रावरची धूळ पुसली.
पुन्हा बघितलं.
एकशे एक्कावन्न.
एकशे अठ्ठावीस.
दोघं, दोन वेगळ्या चालींची,
आणि दुसरं आडवं, खोगिरावर टाकलेल्या पोत्यासारखं.
गेल्या महिन्यात हिच्याच पानावर मी लिहिलं होतं
एक. एकशे चाळीस.

फोन विचारत होता, घर क्रमांक?
मी लिहिलं, दुसऱ्या ओढ्यापलीकडे, निळ्या दाराचा तंबू.
तो म्हणाला, चुकीचा पत्ता.
शेवटी शून्य टाकलं, मग मानला.

रेंज फक्त वरच्या खिंडीत, दगडांच्या राशीपाशी.
एर्मेक बायकोची चित्रं छातीशी धरून
घोड्यावरून गेला.
तिकडे बिश्केकमध्ये डॉक्टर नुरझामाल
ती उघडणार, बघणार, काय ते कळवणार.
आम्ही थांबलो.
सासूने चहा केला, कुणी प्यायलं नाही.

बुरुलचाची नणंद नऊ वर्षांची, तोल्गोनाय.
नळीवरून तिची नजर हलेना.
मी तिला बोलावलं.
कान इथे लाव. श्वास रोख.
ती बराच वेळ तशीच.
मग तिचे डोळे एवढे मोठे झाले
की मला विचारावंच लागलं नाही.
जसं ऐकू येतंय तसं माझ्या हातावर वाजव, मी म्हटलं.
तिने बोटाने माझ्या तळव्यावर ठोके दिले,
टक टक टक टक,
मग नळी सरकवून दुसऱ्या जागचे.
माझ्या हाताला फरक कळला.

वही काढली. बुरुलचाचं पान दुरुस्त केलं.
मग मागची पानं, एकेक,
प्रत्येक एकशे चाळीसपुढे
पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह.
एकेचाळीस झाली.
ही वही आता नारिनला पाठवायची आहे.
काय म्हणायचं ते म्हणू देत.

बाहेर घोडा परत आला असणार.
मला नाही ऐकू आला.
कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला,
आणि बुरुलचाने
गाठोडं जवळ ओढलं.